तिसऱ्या अंकातला प्रवेश

डॉक्टरांनी घशातली नळी बाहेर काढली आणि हातमोजे उतरवले.

"गाणं बंद," ते म्हणाले. "आजपासून. नाहीतर वर्षभरात साधं बोलणंही जाईल."

बाईंनी रुमालानं डोळे टिपले. नळीमुळे पाणी आलं होतं.

"घरी किती बोलता?"

"घरी मी बोलतच नाही."

"छान. तेवढं तरी पथ्य पाळताय."

तीनच्या प्रयोगाला दीड तास होता. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. सतराव्या वर्षी बाई कोरसच्या मागच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या, चोविसाव्या वर्षी नायिका झाल्या. त्यांची पदं लोक अंघोळ करताना गायचे, बँडवाले वाजवायचे. आता अठ्ठावन्न उलटली होती. हे नाटक तर गेली सव्वीस वर्षं चालू होतं. खलाशाची बायको धक्क्यावर वाट बघते आणि तिसऱ्या अंकात तो कप्तान होऊन परत येतो, एवढीच गोष्ट. त्यासाठी दोन तास उभं राहायचं. टोप जड व्हायचा, गुडघे कुरकुरायचे.

बरं झालं, त्यांना वाटलं. डॉक्टरांनीच सोडवलं.

नाट्यगृहात शिरताना त्यांनी मॅनेजरना गाठलं. "प्रयोग झाला की येते. बोलायचंय."

मॅनेजरचा चेहरा उजळला. वर्षभर ते हेच ऐकायची वाट बघत होते.

कपडेपट सांभाळायला दोन दिवसांपूर्वीच एक नवी मुलगी आली होती. झग्याची हुकं लावता लावता तिनं विचारलं, "बाई, कप्तान तुमच्याशी बोलत का नाहीत हो? काल जिन्यात समोरून आले, तर मान वळवून गेले."

नायकाचं काम करणाऱ्याला सगळी कंपनी कप्तानच म्हणायची.

"नऊ वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "सवय झालीय."

"भांडण झालं होतं?"

"पोरी, तू हुकं लाव," म्हातारा मेकअपमन म्हणाला. पफ त्यानं डब्यात असा आपटला की पावडर उडाली.

पहिले दोन अंक बाईंनी ढकलले. तिसऱ्या अंकात कप्तान आला, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"किती वाळलीस गं! जेवतेस की नाही?"

"जेवते."

"खोटं बोलतेस. बस इथं. मी नव्हतो तेव्हा काय काय झालं, सगळं सांग."

बाई बसल्या आणि सांगू लागल्या. तो मध्ये मध्ये विचारत होता, हसत होता, एकदा त्यानं त्यांच्या कपाळावरची बट मागे सारली. बारा मिनिटांचा प्रवेश. मग पद सुरू झालं. वरच्या सुराला बाईंचा आवाज फाटला. कप्तानानं ती ओळ अलगद स्वतःच्या गळ्यात घेतली, जणू लिहिलीच होती त्याच्यासाठी. टाळ्या पडल्या.

पडदा पडल्यावर तो त्यांच्याशेजारून सरळ आपल्या खोलीकडे निघून गेला.

मॅनेजरनी खुर्ची पुढे केली. "सोडायचं ठरवलंत ना? माझी पोरगी तयार आहे. तुमचा निरोप असा थाटात करू की बघत राहाल."

"पोरीला पदं विंगेतून गाऊ द्या. मी ओठ हलवीन. पुढचा सीझन मीच करणार."

"अहो बाई!" ते उठूनच उभे राहिले. "लोक तुमच्या गाण्याला येतात. गाणं सोडायचं आणि संवादांना चिकटून बसायचं? त्यापेक्षा नवं नाटक देतो. आईची भूमिका, खुर्चीत बसून करायची. झेपेल तुम्हाला."

"नको. हेच. बाकी काय कापायचं ते कापा. तिसऱ्या अंकातला तेवढा प्रवेश ठेवा."

मॅनेजर पुन्हा खुर्चीत बसले. बाईंनी या खोलीत आजवर कधी काही मागितलं नव्हतं. नाव किती मोठं छापायचं, हेसुद्धा नाही.

"दमलायत हो तुम्ही," ते म्हणाले.

"दमलेय."

"ठेवतो. कप्तानांना सांगू?"

"नका सांगू."

परतताना बसला गर्दी होती. बाई उभ्यानंच आल्या. उतरल्यावर कोपऱ्यावरून पाव आणि घशाच्या गोळ्या घेतल्या. घर तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून त्या थांबल्या, खालून येणाऱ्या शेजारणीला पुढे जाऊ दिलं. पर्समध्ये किल्ली हाताला लागेना, म्हणून बेल दाबली.

दार नवऱ्यानं उघडलं. त्याच्या वरच्या ओठावर कप्तानाच्या मिशीचा गोंद अजून तसाच होता. काही न बोलता तो बाजूला झाला.