दिव्यांवरचा बर्फ

"एलईडी दिवे आहेत बाबा, अजिबात तापत नाहीत," कौस्तुभ नव्या गाडीचं कौतुक सांगत होता.

"मग त्यांच्यावरचा बर्फ वितळवायला कोण येणार? तुझा सासरा?" बायको गेल्यावर मुलाकडे टोरांटोला आलेले मुकुंदराव म्हणाले. अंधारलं होतं, बर्फ पडत होता आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला होता.

कौस्तुभनं गाडी कडेला घेतली, पण खाली न उतरता तो स्क्रीनवर बोटं फिरवत बसला. मुकुंदराव उतरले आणि दिव्यावर थापला गेलेला बर्फ खरवडू लागले.

"बाबा, आत या! दिवे चालू आहेत. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतंय."

"स्क्रीनला म्हण, बाहेर येऊन बघ. तुझी आईसुद्धा जाईपर्यंत व्हिडिओ कॉलवर ठीकच दिसत होती. म्हणून तर तू आला नाहीस."

वायपर तेवढे हलत राहिले. मग दार उघडलं. कौस्तुभ उघड्या हातांनीच दुसऱ्या दिव्यावरचा बर्फ काढू लागला. बोटं लाल झाली, तरी त्याची मान वर होईना.

मुकुंदरावांनी आपला एक हातमोजा काढून त्याच्यापुढे धरला.

"घाल आधी, गाढवा."