वाढत्या मापाचं

दर जूनला पालकसभेत मी बजावून सांगते, “गणवेश वाढत्या मापाचा घ्या, दोन वर्षं पुरेल.” मुलींचे फ्रॉक पोटऱ्यांपर्यंत लोंबतात, पण माझं एवढं एक गाव ऐकतं. सातवीतली दिपमाला तीन आठवडे गैरहजर होती. दोनदा घरी जाऊन आले, दोन्ही वेळा कुलूपच होतं. आज धुळ्यात टेलरकडे गेले, तर तिची आई प्रमिलाबाई काउंटरशी उभी होती. समोर लग्नाचा शालू आणि ब्लाऊजचं कापड होतं. “वाढता मापनं शिवा, भाऊ, पोर आजून धाकली शे,” ती टेलरला सांगत होती. मला पाहून ओशाळली, मग हसली. “तुम्हीच सांगेल व्हतं ना, बाई?” मागे टेलरची बायको एका मुलीच्या दंडाचं माप घेत होती. “दिपमाला!” माझ्या तोंडून हाक निसटली. वर धरलेला हात तसाच ठेवून ती म्हणाली, “हजर, बाई.”