समान गुण

"दोघींत मोठी कोण?" कारकुनाने तिसऱ्यांदा विचारलं.

काउंटरसमोर तिघी उभ्या होत्या. मधे आई, अंगात इस्पितळाच्या सफाई कामगाराचा निळा डगला. कामावरून तशीच निघून आली होती. दोन बाजूंना जुळ्या मुली, एक चष्मेवाली, एक वेणीवाली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत दोघींना पाचशेपैकी चारशे एकोणनव्वद. विषयवार गुण वेगळे, बेरीज एकच. त्यांच्या वर कोणी नव्हतं. शिष्यवृत्तीही एकच होती.

"गुण समान असतील तर वयाने मोठ्या उमेदवाराला, असा नियम आहे," कारकून म्हणाला. "जन्मदाखल्यावर तारीख आहे, वेळ नाही. म्हणून तुम्हाला विचारतोय, बाई. पाचपर्यंत नाव भरलं नाही, तर यादीतल्या तिसऱ्याला जाईल."

पावणेपाच झाले होते.

"मला भूल दिली होती," आई म्हणाली. "पोट कापून काढल्या. शुद्धीवर आले तेव्हा दोघी शेजारी शेजारी होत्या. आमच्या घरात लहान-मोठं नाही."

"असं कसं? घरच्यांना माहीत असतंच की."

वेणीवाली पुढे सरकली. "काका, अशा बाळंतपणात जे बाळ छेदाच्या जवळ असतं, ते आधी बाहेर येतं. म्हणजे डॉक्टरचा हात जिला आधी लागला, ती जास्त हुशार?"

"अगं, हुशारीचा प्रश्नच नाही. हुशार दोघीही आहात."

"मग निम्मी-निम्मी द्या."

"शिष्यवृत्ती म्हणजे काय खडू आहे, मोडून द्यायला?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

चष्मेवालीने आईचा डगला ओढला. "आई, तू सांगू नकोस हं. जाऊ दे तिसऱ्याला. मला असली नकोच."

"गप बस!" वेणीवाली खेकसली. "त्या तिसऱ्यासाठी वर्षभर तुझ्यापासून वह्या लपवल्या मी? तू दार लावून पाठ करायचीस, मी भिंतीला कान लावून बसायचे. त्याच्यासाठी?"

"मग तू घे ना!"

"मी धाकटी, मला मिळत नाही ना!" तिचा आवाज फाटला.

कारकुनाने मान वर केली. बोलून गेलेलं आता मागे घेता येत नव्हतं. वेणीवालीने बहिणीकडे रोखून पाहिलं.

"सही कर, ताई."

सतरा वर्षांत तिने तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. आता म्हटलं ते शिवी दिल्यासारखं.

"बघा, किती सोपं होतं," कारकून म्हणाला आणि त्याने अर्ज पुढे सरकवला. "इथे नाव, इथे सही. या रकान्यात 'निवडीचा आधार'. तिथे 'गुणवत्ता' एवढंच लिहायचं. खाली आईची सही."

चष्मेवालीने नाव लिहिलं, सही केली. मग रकान्यात पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

कारकुनाने अर्ज फिरवून वाचला. तिने लिहिलं होतं, 'दीड मिनिट आधी जन्म.'

"अहो बाई, हे चालणार नाही. हिला खोडायला सांगा."

आईने मुलीच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली.