रेझिस्टरची खरखर

“पुन्हा तेच!” रेणुकाने चिमटा टेबलावर आपटला. कार्बनच्या रेझिस्टरमध्ये विजेची खरखर जास्त असते, धातूच्यात कमी, हे तिला प्रबंधासाठी मोजून दाखवायचं होतं. पण कुठलाही रेझिस्टर लावला तरी मीटरवर तोच आकडा.

“पुस्तकातले आकडे लिही आणि मोकळी हो,” तिचे मार्गदर्शक टिळेकर सर दारातूनच म्हणाले. “उद्या परिसंवादात तुला हे मांडायचंय.”

ते गेल्यावर तिने वैतागून रेझिस्टर उपटला आणि त्या जागी नुसती तांब्याची तार जोडली. तारेत खरखर जवळजवळ नसतेच. तरीही आकडा हलला नाही.

म्हणजे इतके दिवस ती, मीटरकडे जाणारा क्षीण संकेत मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचीच खरखर मोजत होती. तो सरांनी स्वतः बनवलेला. त्यांचे सगळे शोधनिबंध त्याच्याच जोरावर उभे होते.

तिने सरांना बोलावून आणलं. त्यांनी स्वतः तार काढून पुन्हा लावली. आकडा तोच.

“हे आणखी कुणाला सांगितलंस?”

“नाही, सर.”

“उद्या तू बोलू नकोस.”

संतापाने तिला रडूच फुटणार होतं.

“मीच सांगतो,” सर म्हणाले. “माझी चूक तुझ्या तोंडून कशाला?”