फुसीनं मागितलेली खोली

"एवढी मोठी खुर्ची कशाला गं?" लूपेनं विचारलं. "तुझ्यासारख्या चौघी मावतील तिच्यात."

"मोठीच हवी, मावशी," नऊ वर्षांची फुसी खाटेवरून म्हणाली.

नुकुआलोफा या बेटावरच्या शहरातल्या एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डाच्या टोकाला एक रिकामी कोठी होती. आजारी मुलांना घटकाभर भीतीचा विसर पडेल अशी खोली तिथं करायचं काम लूपेकडे आलं होतं. तिनं फुसीलाच विचारायचं ठरवलं. सगळ्यात जास्त भीती त्याच पोरीला वाटत असणार. तिचा आजार रक्तातला होता. उपाय संपले होते. हे तिला कळू द्यायचं नाही, अशी तिच्या बापानं, सायानं, सगळ्यांना शपथ घातली होती.

साया मासेमार. रोज दुपारी यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "काय गं आळशे, अजून लोळतेयस? पुढच्या आठवड्यात होडीवर चल, जाळी कोण धुणार?"

फुसी हसायची. दोन मिनिटांत काहीतरी काम काढून तो निघून जायचा.

लूपेनं फुसीचा शब्दन् शब्द पाळला. भिंतींना खाजणाच्या पाण्याचा हिरवट रंग. यंत्रांची टिकटिक आत येऊ नये म्हणून दाराला जाड कापड. खोबरेलात मुरवलेल्या फुलांचा वास. होडीच्या तळाला पाणी थापटतं तो आवाज, कोपऱ्यातल्या स्पीकरमधून, अगदी हळू. जमिनीवर लूपेच्या आईनं विणलेली चटई.

"आता नाही ना भीती वाटणार?"

"बघू," फुसी म्हणाली. "दार नीट लागतं ना?"

"लागतं. का गं?"

"असंच."

खोली उघडली त्या दुपारी फुसीनं पहिला मान बापाला दिला. लूपेनं तिला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. साया उंबऱ्यातच घुटमळला.

"मला कुठं बसवतेस बये? अंगाला माशांचा वास येतोय."

"बस ना, बाबा."

तो अवघडून मोठ्या खुर्चीत टेकला. पाण्याचा आवाज ऐकत राहिला. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले. दोन मिनिटं उलटली तरी तो उठला नाही.

"मावशी, दार ओढून घे," फुसी म्हणाली.

लूपे बाहेर आली. दार पुरतं लागायच्या आत तिच्या कानावर पोरीचा आवाज पडला.

"बाबा, हात दे. मी बरी होणार नाहीये. मला केव्हाचं ठाऊक आहे. पण तुला सांगायला वॉर्डात जागाच नव्हती."