भरवशाचं दुकान

स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावरच्या एका गोल्फ क्लबात मर्डो खेळ शिकवायचा आणि मैदानाच्या कडेला गोल्फच्या सामानाचं स्वतःचं छोटं दुकान चालवायचा. एका सकाळी निवृत्त शिक्षिका केअर्डबाई नवी स्टिक बघायला आल्या. मर्डोने भर वाऱ्यात तासभर उभं राहून त्यांना एकेक स्टिक मारून बघायला लावली आणि त्यांच्या दुखऱ्या बोटांना झेपेल अशी नेमकी निवडून दिली. बाईंनी तिच्या लेबलाचा फोटो काढला.

“विचार करून सांगते हं.”

पुढच्या आठवड्यात त्या तीच स्टिक घेऊन आल्या. ऑनलाइन मागवलेली.

“हिची मूठ जाड निघाली रे. तूच बदलून दे. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही.”

मर्डोने मूठ बदलली. “बारा पौंड, बाई.”

“बारा? शहरात आठात करतात म्हणे!”

“मग आठ द्या,” तो थकल्या आवाजात म्हणाला. “तसंही शनिवारी दुकान बंद करतोय. कायमचं.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“असं कसं रे? मग काही घ्यायच्या आधी आम्ही विचारायचं कुणाला?”