चौथा पाय

भिंगरीची लाकडी गाडी कपाटावर चढवली त्या सकाळी तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तिचं खाण्याचं भांडं खोलीच्या पार त्या टोकाला, दाराशी. भिंगरी या टोकाला, जुन्या रजईच्या घडीवर. मधे, पाय घसरू नये म्हणून अंथरलेल्या रबरी चटया. भांडं कुणी पुढे सरकवायचं नाही आणि भिंगरीला कुणी उचलायचं नाही, असा सुनेचा हुकूम सुटला होता.

हुकूम खरं तर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा. भिंगरी जेमतेम दहा महिन्यांची कुत्री. मागचे दोन्ही खुबे जन्मापासून सैल; हाड खोबणीत बसायचंच नाही, नुसतं घासत राहायचं. पाच आठवड्यांपूर्वी डाव्या खुब्यातला हाडाचा गोळा कापून काढला. आता तो पाय पेलायचा स्नायूंनी, आणि स्नायू धरणार कधी, तर पाय जमिनीला टेकला तर. काल बाईंनी वाळलेली मांडी चिमटीत धरून विचारलं की घरात हिला चालवतं कोण. सुनेच्या आधी तिची चार वर्षांची लेकच बोलली. चालायला कशाला लागतंय, आजोबांनी गाडी केलीये की तिला.

आजोबा, म्हणजे सुनेचे सासरे, सुतार. हात थरथरायला लागले म्हणून काम सुटलेलं, तरी दोन दिवस खपून त्यांनी ती गाडी केली होती. चार चाकं, वर गादी, ओढायला दोरी. कडा अशा घासलेल्या की गालावरून फिरवाव्यात. पाच आठवडे भिंगरी राणीसारखी घरभर फिरली, आणि पाय सुकत गेला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सोमवारपर्यंत पाय टेकला नाही तर दुसऱ्या खुब्याचं ऑपरेशन करता येणार नाही, म्हणाल्या. मग एवढं दुखणं घेऊन तिला ठेवायचं की नाही, ते घरात बोलून या.

आज शुक्रवार होता.

दुसरा खुबाही कामातून गेलेला, त्यामुळे भिंगरीला धड लंगडीसुद्धा घालता येत नव्हती. ढुंगणावर घसटत ती दोन चटया पुढे आली. भांड्याकडे पाहिलं. मग घरातल्या एकेकाकडे पाहिलं. आणि बसून राहिली.

सासरे खोलीच्या मधोमध खुर्चीत बसून लाकडाचा एक तुकडा पॉलिशकागदाने घासत होते. तो केव्हाच गुळगुळीत झाला होता.

"आमच्यात सांधा ढिला झाला तर पाचर मारतात," ते त्या तुकड्याला म्हणाले. "उपाशी नाही ठेवत."

लेक दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. मोकळे सोडले तर ते आपणहून भिंगरीकडे जातील, असं तिचं म्हणणं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, तिला वाटतंय आपण तिच्याशी कट्टी केलीये."

दहा वाजले. व्यायामाची वेळ. रोज तीनदा सून टॉवेल गरम पाण्यातून पिळून खुब्यावर गुंडाळायची आणि पाय मागे ओढून धरायची, लेक दहापर्यंत मोजेस्तोवर. भिंगरी कळवळायची. चावायची नाही, हातापर्यंत तोंड आणून थांबायची. सुनेला वाटे, चावली असती तर सोपं गेलं असतं.

ती आत गेली आणि वाफाळता टॉवेल घेऊन बाहेर आली.

भिंगरीने टॉवेल पाहिला. तिचे कान मागे पडले. आणि ती उठली. आधी नखं टेकली, मग पंजा, मग तो काटकीसारखा पाय सगळा भार घेऊन थरथरला आणि पुढे पडला. मग पुन्हा. पाच-सहा पावलं झाली असतील. सासऱ्यांच्या खुर्चीखाली शिरून तिने त्यांच्या घोट्यांमध्ये तोंड खुपसलं.

"चारी पायांवर," लेक हळूच म्हणाली.

कुणी हसलं नाही. सून खाली बसली, रिकामा हात पुढे केला, लाडाच्या सगळ्या नावांनी हाका मारून पाहिल्या. भिंगरी आणखी आत सरकली. तिची नजर टॉवेलवरून हलत नव्हती.

सासऱ्यांनी कागद बाजूला ठेवला. "दे तो टॉवेल माझ्याकडे. माझा राग करू दे तिला. माझं काय."

"तुमचे हात कापतात, बाबा." टॉवेलचं पाणी सुनेच्या कोपरावरून खाली टपकत होतं. "आणि माझ्यापासून पळून जिच्या-ज्याच्याकडे जाईल असं कुणी तरी हवं ना तिला."

मग तिने खुर्चीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं.

"खुर्ची तेवढी दाराशी घेऊन बसा."

सासऱ्यांना कळायला जरा वेळ लागला. मग ते उठले, खुर्ची उचलून भांड्याशेजारी नेली, बसले आणि दोन्ही पाय थोडे फाकवून मधे जागा केली. भिंगरी उघड्यावर पडली. तिच्या आणि त्या जागेच्या मधे सात चटया होत्या.

लेकीने विचारलं, आज मोजायचं नाही का.

"मोज. तिची पावलं मोज."

टॉवेल गार झाला होता. सुनेने तो भिंगरीला नीट दिसेल असा दोन्ही हातांत पसरून धरला आणि तिच्या दिशेने निघाली.

"एक," लेक म्हणाली.